आकडा वाढला, की रक्तदाब?
(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



इंदूरच्या आपल्या मराठी घरांत "बी.पी. किती आलं?" हा प्रश्न आता "चहा घेणार ना?" इतकाच सहज विचारला जातो. बी.पी.चं यंत्रही बऱ्याच घरांत असतं. म्हणून आज आम्ही औषधांवर नव्हे, मोजण्यावर बोलणार आहोत.

१८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत दाखवली. आजही तत्त्व तेच आहे. यंत्र पट्ट्यातल्या हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून रक्ताचा दाब ठरतो. पट्टा दंडाला लहान पडला, तर रोहिणी दाबायला हवा जास्त लागते आणि आकडा फुगतो. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे २० ने जास्त आला.

दुसरं कारण हाताचं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, तसंच हात खाली लोंबत असेल तर दंडातला दाब वाढतो. २०२४ च्या अभ्यासात अशा हातामुळे वरचा आकडा साडेसहाने, तर हात मांडीवर ठेवल्याने सुमारे चारने वाढलेला दिसला.

बाकीची कारणं आपल्या रोजच्या सवयींत आहेत. जिना चढून आल्याबरोबर मोजणं, पोहे-जिलेबीवर कडक चहा नुकताच झालेला असणं, तंबाखू, लघवी दाबून बसणं, पायावर पाय टाकणं, मोजताना गप्पा मारणं. काहींचा रक्तदाब तर दवाखान्यातच वाढतो, घरी नीट असतो. उतारवयात काहींच्या रोहिण्या इतक्या कडक होतात, की पट्ट्यावरचा आकडा आतल्या दाबापेक्षा जास्त येतो.

यात बिघडतं काय? फुगलेल्या आकड्यावर गोळी वाढली, की आजोबांना उठताना चक्कर येते. ते पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि चालतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. उघड्या दंडाला मापाचा पट्टा बांधा. हात छातीच्या उंचीवर टेबलावर टेकवा. बोलू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून वही डॉक्टरांना दाखवा. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती गंभीरपणे घ्यायची.

मात्र "आकडा खोटाच असेल" म्हणून कुणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नका. खरा रक्तदाब बहुधा काही त्रास न देताच वाढतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा करतो. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

विघ्नहर्ता सर्वांना निरामय आयुष्य देवो. गणपती बाप्पा मोरया!