रायफलीला पाय लावावेत कोठे?

श्रोतेहो, आपल्या गावात लष्करातून पेन्शनीवर आलेले एखादे वयस्क काका असतील, आणि सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत तर असे चारपाच जण सहज निघतील. त्यांना कधी ब्रेन गनविषयी विचारून पाहा. हातातला चहाचा कप खाली ठेवून ते सांगू लागतील. ही हलकी मशीनगन मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराची. इंग्लंडातल्या एनफील्डच्या कारखान्याने ती घडवायला घेतली, आणि दोन्ही गावांच्या नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून तिचे नाव पडले ब्रेन. १९४२ पासून ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही होऊ लागली. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणींनी हीच बंदूक वागवली.

तिचे वजन सुमारे दहा किलो. एवढे ओझे हातावर पेलून नेम धरायचा म्हणजे माणूस थकून जाईल. म्हणून तिला पुढे दोन पाय असतात. फौजेत त्याला बायपॉड म्हणतात, आपण नुसते पाय म्हणू. माझा आजचा प्रश्न एवढाच आहे की, हे पाय बंदुकीला लावावेत कोठे?

प्रश्न सुतारकामातल्यासारखा किरकोळ वाटतो. पण थांबा.

ब्रेनचे पाय नळीला लावलेले आहेत, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. गोळी जाते त्या नळीखाली दुसरी एक नळी असते. बार झाला की थोडा वायू तिच्यात शिरतो आणि बंदुकीचे यंत्र मागे ढकलतो. पाय आहेत ते या खालच्या नळीच्या पुढच्या टोकाला. याचा उपयोग काय? सारखा मारा केला की वरची नळी चुलीतल्या सळईसारखी तापते, ती बदलावी लागते. ब्रेनवर दोन माणसे असतात. नंबर दोनने खटका उघडायचा, मूठ धरून तापलेली नळी काढायची, दुसरी बसवायची. एवढा वेळ बंदूक आपल्या पायांवर जागच्या जागी उभी असते.

आता याच्या उलट उदाहरण ऐका. अमेरिकी सैन्याने १९५७ साली एम-६० नावाची मशीनगन स्वीकारली. बंदूक वाईट नव्हती, पण तिचे पाय नळीलाच कायमचे जोडलेले होते. व्हिएतनामच्या युद्धात त्याचा त्रास जवानांनी पुरेपूर भोगला. नळी काढली की पायही तिच्याबरोबर निघत, आणि उरलेली बंदूक कोणीतरी हातात तोलून धरायची. नळीला मूठ नसल्यामुळे ॲस्बेस्टॉसचा हातमोजा घालूनच ती काढावी लागे. हातमोजा हरवला तर पुढचे तुम्हीच समजा. शिवाय जादा म्हणून नेलेल्या नळीलाही तिचे वेगळे पाय, म्हणजे तेवढे ओझे पाठीवर वाढले. पुढे १९८० च्या दशकात सुधारून काढलेल्या बंदुकीत पाय नळीवरून हलवले आणि मूठ नळीला आणली. ज्याने पहिला नकाशा काढला, त्याने ही बंदूक पालथे पडून, अंधारात, गडबडीत कधी चालवून पाहिली होती की नाही, अशी मला शंका येते.

ही झाली मशीनगन. साध्या रायफलीत नळी बदलायची नसते. मग तिथे पाय नळीला लावले तर काय बिघडले?

शिक्षकमित्रांनो, याचे उत्तर तुमच्या शाळेच्या घंटेत आहे. मुलांना जवळ बोलवा आणि टोल द्या. घंटा घुमत राहील. आता दुसरा टोल द्या आणि लगेच कडेला एक बोट टेकवा. नाद बदलतो, दबतो. रायफलीची नळीही बार होताना अशीच थरथरते, आणि तो थरथराट चालू असतानाच गोळी तोंडातून बाहेर पडते. थरथर दर वेळी सारखी असेल तर गोळ्या एका जागी पडतात. नळीला दोन पाय चिकटवले म्हणजे घंटेला बोट लावले. बरे, हे बोट तरी रोज सारखे टेकेल तर चालले असते! पण एकदा तुम्ही अंग जास्त रेटता, एकदा कमी. जमीन एकदा मऊ, एकदा कडक.

पोलादाची नळी आपल्या रेट्याने काय वाकणार, असे कोणी म्हणेल. हिशेब करा. साठ सेंटिमीटरची नळी टोकाशी एक दशांश मिलिमीटर कलली, तर शंभर मीटरवर गोळी निदान दीड सेंटिमीटर सरकते. तेव्हा पाय लाकडाला लावावेत, नळीला नाही. जुने शिकारी नळी दगडावर टेकवू देत नसत, दगड आणि बंदूक यांच्यामध्ये हात ठेवायला सांगत. त्यामागे हेच आहे.

लाकडाला म्हणजे कोठे? मागे, काडतुसांच्या पेटीजवळ, की पुढे टोकाला? इथे मात्र देवाणघेवाण आहे. पाय हा तराजूचा काटा धरा. खांद्यापासून पाय ८० सेंटिमीटर पुढे असतील आणि श्वासाबरोबर दस्ता एक मिलिमीटर हलला, तर शंभर मीटरवर नेम साडेबारा सेंटिमीटर हलतो. तोच पाय ५० सेंटिमीटरवर आणा, नेम वीस सेंटिमीटर हलेल. मुलांना समरूप त्रिकोण शिकवताना हे उदाहरण द्या, पोरे झोपणार नाहीत. स्थिर निशाणासाठी, म्हणून, पाय पुढे असलेले बरे. पण सरकत्या निशाणामागे बंदूक वळवायची असेल तर पाय जितके पुढे तितके अंग जास्त हलवावे लागते. आणि पुढे पाय लावलेली रायफल उभ्याने धरली की तोंडाशी जड होते, हात भरून येतो. माझ्या मते ज्याला पालथे पडूनच नेम साधायचा आहे त्याने पाय लाकडाच्या पुढच्या टोकाला लावावेत. ज्याला डोंगर चढायचा आहे त्याने चार बोटे मागे घ्यावेत.

पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेली बारा बोअरची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. तिचे छरे पसरतातच आणि डुक्कर उभे राहून वाट पाहत नाही. तिला पाय लावून फक्त वजन वाढेल.

पायांखालची जमीन हाही विषयच आहे. कातळावर पाय टेकले की बार होताना बंदूक उसळी मारते. गोणपाटाची घडी खाली घाला. खांद्याने हलकेच पुढे रेटा, पायांच्या सांध्यांतली ढिलाई निघेल इतपतच. पाय रुंद फाकलेले असावेत, म्हणजे बंदूक एका अंगाला कलत नाही. कललेल्या बंदुकीची गोळी कलाच्याच बाजूला जाते. एफ-क्लास नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत एका गटाला असे पाय वापरण्याची मुभा असते. तिथले पाय पाहिलेत तर बुटके आणि भलतेच रुंद, बैठ्या चौरंगासारखे दिसतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा अनेक घरांत मुले विचारू लागली असतील की त्यांच्या रायफलीला पाय का नव्हते. त्या स्पर्धेत पायांना परवानगीच नाही. पालथे पडून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा ते काम करतो. तो पट्टाही नळीला बांधत नाहीत, लाकडाखालच्या खोबणीत पुढेमागे सरकणाऱ्या अडणीला बांधतात. प्रत्येक नेमबाज आपल्या हाताच्या लांबीप्रमाणे ती जागा ठरवतो.

एन.सी.सी. पाहणाऱ्या शिक्षकांनी किंवा क्लबात जाणाऱ्या तरुणांनी पाय लावल्यावर एक तपासणी जरूर करावी. रायफल रिकामी आहे याची आधी स्वतः डोळ्यांनी खात्री करा. मग पाय टेकून, खांदा लावून नेहमीसारखे रेटा, आणि जोडीदाराला नळी व लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी तोंडाकडून मागे सरकवायला सांगा. ज्या रायफलीची नळी लाकडापासून मोकळी ठेवलेली असते, तिच्यात पट्टी सरळ गेली पाहिजे. अडली तर रेट्याने लाकूड वाकून नळीला लागते आहे. पाय थोडे मागे घ्या आणि पुन्हा पाहा. कोकणात ही तपासणी पावसाळ्यात एकदा वेगळी करावी. ज्या हवेने घराचे दार चौकटीत अडकते, तीच हवा रायफलीच्या लाकडालाही फुगवते.