नांगर कोणाच्या हाती?

(पीण्या औद्योगिक क्षेत्रातील मराठी भाषिक कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



लेथ आणि भट्टीशी झुंजणाऱ्या कामगारांपुढे नांगराविषयी काय बोलावे, असे कोणास वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण बेळगाव, सांगली, सोलापूरकडून येथे आले ते घरचा नांगर सुटला म्हणूनच. शिवाय लोखंडी नांगर हे कामगाराच्याच हातचे काम आहे.

आपला पूर्वापार नांगर लाकडाचा. फाळ तेवढा लोखंडाचा. तो जमीन चिरतो, पलटत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली जिवंत राहतात. लोखंडी नांगराचे वक्र पाते ढेकूळ उलथून टाकते. वैशाखाच्या उन्हात मुळे वाळतात आणि पहिल्या पावसाचे पाणी खोल मुरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात असा नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसली. उद्योजकाचे नाव इतिहासात नोंदले गेले. साचे भरणाऱ्या ओतकामगारांची नावे मात्र आज कोणाला ठाऊक नाहीत.

परंतु अवजार सुधारले म्हणजे कसणाऱ्याची स्थिती सुधारली, असे नव्हे. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरटीला बैलांच्या अनेक जोड्या लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने काय करावे? एक वाट इर्जिकीची : गावकऱ्यांनी आपापले बैल-नांगर आणून एकाचे रान नांगरून द्यावयाचे, मोबदला एका जेवणाचा. दुसरी वाट सावकाराच्या उंबऱ्याची. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे आणि भाडे रोख मोजावे लागते. दुसरी वाट रुंदावली. पहिली बुजत चालली.

मग कसणारा म्हणावयाचे कोणाला? 1948 चा मुंबई कूळ कायदा व त्यातील पुढील दुरुस्ती यांमुळे 1 एप्रिल 1957 रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली. हे यश लहान नव्हे. पण त्याच कायद्यात स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावणे हेही 'जातीने कसणे' ठरले, आणि या सबबीवर मालकाला कुळाकडून जमीन परत मागता येत होती. ज्याने आयुष्यात रुमणे धरले नाही, तोही कायद्याच्या लेखी कसणारा! कर्नाटकात 1974 च्या दुरुस्तीने कुळांना मालकी हक्क दिले. 2020 च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्यांवरील शेतजमीन खरेदीची बंदी उठवली. पैशाच्या थैलीपुढे नांगराचा हक्क मागे हटला.

म्हणून एक विनंती आहे. सुटीत गावी जाल तेव्हा सातबारा, सीमाभागात पहाणी, काढून घ्या आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव त्यावर आहे की नाही ते पाहा. चार घरांनी मिळून ट्रॅक्टर घेता येईल का, याचा विचार शेजाऱ्यांसह करा. इर्जिकीची रीत आपल्या आजोबांना ठाऊक होती. ती यंत्राला लागू करणे हे यंत्र जाणणाऱ्या कामगाराचे काम आहे.