भावाचा रक्तगट बदलला



वालीवच्या आपल्या शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बाईंनी आपल्याला पेशी दाखवली होती. पुढे मी संगणकात रमले. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला आणि तो धडा पुन्हा उघडावा लागला.

केमोथेरपीनंतर आजार उलटला. आता दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी देणे हाच उपाय, असे डॉक्टर म्हणाले. भारतात असे पहिले प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर केले होते.

यात रक्तगट नव्हे, ‘एचएलए’ जुळावे लागते. ते निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येते. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दादाचे जुळले नाही, माझे जुळले.

घरात सगळे घाबरले. “मणक्यातून काढतात, जन्माची अधू होशील,” असे मला सांगितले गेले. प्रत्यक्षात पाच दिवस इंजेक्शने घेतली, अंग ठणकले. मग एका हातातून रक्त यंत्रात गेले, मूळपेशी वेगळ्या झाल्या आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत आले. पाच तास लागले. आठवड्याभरात मी कामावर होते.

खरी परीक्षा भावाची होती. पिशवीतल्या पेशी शिरेतून गेल्या आणि आपली वाट शोधत हाडांतल्या मज्जेत पोहोचल्या. पांढऱ्या पेशींचा आकडा वाढायला सोळा दिवस लागले. नंतर माझ्याच पेशी त्याच्या त्वचेवर उलटल्या. वर्षभर औषधे चालली. आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचा रक्तगट ‘बी’ होता, आता माझ्यासारखा ‘ओ’ आहे!

शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मात्र घरात कोणीच जुळले नाही. असा दाता आपल्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त असते. पण जगात चार कोटींवर नोंदी असताना भारतातल्या काही लाखच आहेत. चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या संस्थेत नाव नोंदवताना गालाच्या आतून फक्त कापसाची काडी फिरवतात. तरुण दात्यांना प्राधान्य असते. आपण चाळिशी ओलांडली, पण आपली मुले आता अठराची होत आहेत. आज घरी गेल्यावर त्यांच्याशी एवढे बोला.