स्वस्थ बसणारा प्रधान

‘ताओ’ हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें धुक्यांतला डोंगर, वेळूचें बन आणि एखादा विरक्त म्हातारा उभा राहतो. परंतु लाओत्सेच्या नांवावर चालत आलेल्या ग्रंथाचा बराच भाग राज्य कसें करावें याविषयींच आहे. राजा हुकूम वाढवील तसतशी प्रजा बिघडत जाते, असें त्याचें मत. दुसरा दाखला धनुष्याचा. तें ओढतांना वरचें टोंक खालीं येतें, खालचें वर चढतें. सृष्टीहि अशीच उण्याची भर अधिकांतून करते, माणूस मात्र उलट वागतो, अशी त्याची तक्रार आहे.

हा विचार एकदां खरोखरच राज्यकारभारांत उतरला होता. छिन राजवटीनें कठोर कायदे, वेठ आणि युद्धें यांनीं चीन पिळून काढला होता. ती कोसळून इ. स. पूर्वी २०२ मध्यें हान घराणें स्थिर झालें. त्याचा एक लढवय्या सरदार त्साव शन हा पूर्वेकडील छी या मांडलिक राज्याचा प्रधान झाला. प्रजेला स्वास्थ्य कसें लाभेल, हें त्यानें शेंकडों पंडितांना विचारलें. जितकीं तोंडें तितकीं मतें! अखेर लाओत्सेला मानणाऱ्या एका वृद्धास त्यानें सन्मानानें बोलावलें. सत्ता शांत राहिली म्हणजे लोक आपली घडी आपण बसवून घेतात, एवढेंच त्याचें सांगणें. त्साव शननें आपला मुख्य दिवाणखाना त्याला राहावयास दिला.

इ. स. पूर्वी १९३ मध्यें त्साव शनला साऱ्या साम्राज्याचें प्रधानपद मिळालें. छी सोडतांना त्यानें आपल्या जागीं येणाऱ्यास बजावलें कीं, बाजार आणि तुरुंग यांत फार ढवळाढवळ करूं नका. बरेवाईट सारेच तेथें सामावतात, तेथून हुसकलेला दुष्ट जाईल कोठें? राजधानींत त्यानें आधीच्या प्रधानाचा एकहि नियम बदलला नाहीं. कायद्याचा कीस काढणारे, नांवासाठीं धडपडणारे कारकून दूर केले. साधीं, अबोल माणसें नेमलीं. कोणी सल्ला देण्यास आला कीं त्याला तो मद्य पाजी आणि बोलणें राहून जाई. स्ज-मा छ्येन या इतिहासकारानें हें सारें मोठ्या चवीनें लिहिलें आहे. तरुण बादशहा रागावला, तेव्हां त्साव शननें नम्रपणें विचारलें, आपण आपल्या वडिलांहून थोर आहांत काय? आणि मी माझ्या पूर्वाधिकाऱ्याहून? दोन्हींचें उत्तर नकारार्थीच होतें. कागदावर योजना आखण्याची हौस असणाऱ्या माझ्यासारख्यास ही गोष्ट जरा झोंबते.

पुढें वेन बादशहानें हेंच धोरण चालविलें. पिकाच्या पंधराव्या हिश्शाचा सारा तिसाव्यावर आणला, इ. स. पूर्वी १६७ मध्यें तो अजीबात माफ केला, आणि त्याच वर्षीं नाक कापणें, पाय तोडणें या शिक्षाहि बंद केल्या. देश सांवरला, सरकारी कोठारें धान्यानें भरून वाहूं लागलीं.

परंतु सारा भरणारा कोण? जमिनीचा मालक. कुळाला तर अर्धें पीक मालकाच्या पदरांत घालावें लागे. सूट मिळे मालकाला, कुळाचा अर्धा वांटा तसाच जाई. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याचें शेत सावकार गिळी, आणि सत्ता शांत बसे. घायाळ देशाला त्साव शनचें औषध लागू पडलें, यांत मला शंका नाहीं. पण धनुष्याचें वरचें टोंक खालीं आलें नाहीं, उलट आणखी वर चढलें.

इ. स. ९ मध्यें वांग मांग यानें गादी बळकावली, तेव्हां त्यानें नेमकें याच अर्ध्या पिकावर बोट ठेवलें. सारी जमीन राजाची ठरवून त्यानें तिची खरेदी-विक्री बंद केली. ज्याच्याकडे अधिक शेत त्यानें तें भाऊबंद व शेजारी यांस वांटावें, असा हुकूम सोडला. तीन वर्षांत, इ. स. १२ मध्यें, त्याला तो मागें घ्यावा लागला.