दूरचे दप्तर आणि परवानगीचा आकडा

(मांद्रे येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकातल्या परवानग्यांविषयी बोलायचे, म्हणजे लग्नाच्या पंगतीत वीजबिलाचा विषय काढण्यासारखे आहे. तरीही काढतो. कारण आपल्यापैकी बरेच जण आता जुन्या वह्या, स्मरणिका, नाटकांची हस्तलिखिते टंकित करून एका सामायिक ठिकाणी ठेवू लागले आहेत. दशावताराचेच घ्या. या खेळाला परंपरेने लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. त्यामुळे एखाद्या जुन्या कलाकाराची पदांची वही हाती लागली, तर ती तेवढीच एक असते. तिच्या टंकित प्रतीवर कोणी चुकून दुसरेच काही लिहिले, तर मूळ वहीकडे परत जाता येईलच असे नाही. आपल्याकडचा पावसाळा आणि वाळवी कोणासाठी थांबत नाहीत.

संग्रह असतो पणजीतल्या सर्व्हरवर आणि आपण बसलेलो असतो मांद्र्यात. ते दूरचे फोल्डर आपल्या यंत्राला जोडायचे, याला माउंट करणे म्हणतात. एकदा जोडले की ते घरच्या कपाटासारखेच दिसते. घोळ तिथूनच सुरू होतो. माझ्या एका शिक्षकमित्राचा फोन आला : ‘‘मी स्वतः टंकलेली फाइल मलाच दुरुस्त करता येत नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणते. आणि दुसऱ्याच्या फाइलवर मात्र माझे नाव दिसते!’’

हा काही चमत्कार नव्हता. युनिक्स आणि लिनक्स पद्धतीत प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि बाकी सगळे ‘इतर’. तिघांना वाचणे, लिहिणे, चालवणे अशा वेगवेगळ्या परवानग्या असतात. पण मालकाची नोंद नावाने होत नाही, आकड्याने होते. गावात एकाच नावाचे चार जण असले तरी जमीन सर्व्हे नंबरावरून ओळखली जाते, तसेच हे. उबुंटूसारख्या प्रणालीत यंत्रावरच्या पहिल्या खातेदाराला 1000 हा आकडा मिळतो. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत असे दहा संगणक असतील, तर दहाही ठिकाणचा पहिला माणूस 1000च!

मित्राचा घरचा आकडा 1000 होता, सर्व्हरवरचा 1001. सर्व्हरवर 1000 होता त्याचा सहकारी. जोडणी एनएफएसची होती. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली आणलेली ही पद्धत नेहमीच्या मांडणीत आकडाच पलीकडे पाठवते. त्यामुळे सर्व्हरने माझ्या मित्राला त्याचा सहकारी समजले. स्वतःच्या फाइलला बंदी आणि सहकाऱ्याच्या फाइलवर लिहायला मोकळीक. खरे सांगायचे तर मला बंदीपेक्षा या मोकळिकीची जास्त भीती वाटते, कारण ती तक्रार करत नाही.

अशा वेळी तपासायचे कसे? दोन्ही यंत्रांवर ‘आयडी’ हा आदेश द्या. तो तुमचा आकडा आणि तुमचे गट सांगतो. मग ‘एलएस -एलएन’ द्या. तो फाइलींपुढे मालकाचे नाव न दाखवता आकडा दाखवतो. आकडे जुळत नसतील तर घरच्या यंत्रावरचा बदलून घ्या. मात्र बदलल्यावर इकडेतिकडे ठेवलेल्या काही जुन्या फाइली जुन्याच आकड्याच्या राहतात, त्याही शोधाव्या लागतात. जोडणी एसएसएचएफएसची असेल तर गोष्ट वेगळी : तिथे तुम्ही ज्या खात्याने सर्व्हरवर शिरलात, त्याच खात्याचे अधिकार चालतात, घरी काही का दिसेना.

इथे बहुतेकांना ‘सूडो’ आठवतो. आपल्या यंत्रावर आपण सर्वाधिकारी, मग पणजीचे दारही उघडेल! उघडत नाही. एनएफएसचा सर्व्हर बाहेरून आलेल्या सर्वाधिकाऱ्याला सहसा अनोळखी पाहुणा करून टाकतो, आणि ते योग्यच आहे. दुसरा मोह 777चा, म्हणजे सगळ्यांना सगळे मोकळे करण्याचा. त्याने अडचण लगेच सुटते आणि वहीही सगळ्यांच्या हाती जाते.

आता फोल्डरविषयी. फोल्डरवरची ‘चालवणे’ ही परवानगी म्हणजे आत शिरण्याची मुभा. ती नसेल आणि वाचण्याची असेल, तर फाइलींची नावे दिसतात पण तपशिलाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. म्हणून फाइलपर्यंतच्या वाटेवरचे प्रत्येक फोल्डर तपासावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ठरतो. गोव्यात हे समजावणे सोपे आहे. घर मुंडकाराचे, जमीन भाटकाराची. ज्याला फोल्डरात लिहिता येते, तो तुमची फाइल तिथून हटवू शकतो, मग ती फाइल त्याला वाचताही येत नसो! मुंडकारांना घरातून काढले जाऊ नये म्हणून आपल्याकडे 1975चा कायदा आला. फोल्डराला तसे संरक्षण ‘स्टिकी बिट’ने मिळते. मग गटातला दुसरा कोणी तुमची फाइल पुसू शकत नाही. फोल्डरचा मालक मात्र अजूनही पुसू शकतो, तेवढ्यापुरता हा कायदा भाटकाराच्या बाजूचा आहे.

सामायिक कामासाठी मला पटलेली मांडणी अशी. टंकन करणाऱ्यांचा एक गट करावा आणि त्याचाही आकडा सगळीकडे एकच ठेवावा. फोल्डराला ‘सेटजीआयडी’ लावावा, म्हणजे आत तयार होणारी नवी फाइल आपोआप त्या गटाची होते. एवढ्यावर काहीजण थांबतात आणि पुन्हा अडकतात, कारण नव्या फाइलीतून कोणती परवानगी वगळायची हे ‘युमास्क’ ठरवतो. तो 022 असेल तर गटाला वाचता येते, लिहिता येत नाही. 002 केला की लिहिता येते. मूळ छायाचित्रांचे फोल्डर मात्र वेगळे ठेवावे, आणि तिथे गटालाही फक्त वाचण्याची व आत शिरण्याची मुभा द्यावी.

हे सगळे झाल्यावर खऱ्या वहीला हात लावू नका. एक रिकामी फाइल तयार करा, गटातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या यंत्रावरून तिच्यात एक ओळ लिहायला सांगा आणि तिसऱ्याला ती पुसायला सांगा. त्याला पुसता आली, तर स्टिकी बिट लागलेला नाही.