फ्लॉरेन्समधली छत्री
कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आजारपणाने त्यांचा मृत्यू झाला. आर्नो नदीकाठी अंत्यसंस्कार झाले. छत्रीखालचा त्यांचा अर्धपुतळा तिथे आजही आहे.

सोबत लवाजमा होता, तरीही!

आज कोल्हापुरातून परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसोबत लवाजमा नसतो, सोयी मात्र असतात. भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवता येतं; अडचण आलीच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमध्ये अडकलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेने मायदेशी आणलं. युरोपीय संघात कुठेही ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. प्रवासाला निघण्यापूर्वीच आरोग्यविमा काढावा, पासपोर्टची प्रत घरीही ठेवावी.