आकडा विचारला, अक्षर आले

श्रोतेहो, आपल्या मोहोपाड्याकडे भातगिरणीवर कोणी विचारले, "किती पोती?" आणि आपण म्हणालो, "बारा," तर गिरणीवाला समजतो. संगणकाचे तसे नाही. समजा, शाळेतल्या मुलाने पायथन भाषेत या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. टाइप केलेला मजकूर 'इंट' या आज्ञेने आकडा करून घ्यावा लागतो. '१२' चालते, देवनागरी आकडेही पायथनला कळतात बरे का! पण 'बारा' किंवा '१२ पोती' लिहिले, की 'व्हॅल्यूएरर' म्हणून प्रोग्रॅम जागीच थांबतो. आधीची ४० नावे जतन केली नसतील, तर तीही गेली.

म्हणून 'इंट'ची ओळ 'ट्राय'खाली लिहावी. 'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर'खाली "फक्त आकडा लिहा" असे सांगून पुन्हा विचारावे, आकडा मिळेपर्यंत. काही मुले तिथे शून्य धरून पुढे जातात. गुरुजी, हे मात्र करू देऊ नका. प्रोग्रॅम थांबत नाही खरा, पण कुणाची तरी बारा पोती कागदावर शून्य होतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नुसते 'एक्सेप्ट'ही लिहू नये. त्याखाली आपली स्वतःची लिहिण्यातली चूकसुद्धा झाकली जाते.

आणि कोणी '-१२' लिहिले तर? तोही आकडाच, पायथन तक्रार करणार नाही. ते आपणच 'इफ' लावून पाहायचे.